बाजूच्या मुलीला विचारायला सुरतेला

दिवाळीपासून कुंदाचा फोन आला नव्हता. जानेवारीत मी तिकीट काढलं. लोक सुरतेला साड्यांसाठी जातात, थंडीत पोंक खायला जातात. माझ्या पिशवीत एका पुस्तकाचं शेवटचं, अर्धवट प्रकरण होतं.

कुंदा आणि मी भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. गणिताच्या सिस्टरांचा नियम होता की अडलं तर आधी बाजूच्या मुलीला विचारायचं, तिलाही आलं नाही तरच टेबलापाशी यायचं. माझी बाजूची मुलगी कुंदा, तिची मी. पुढे मी गणित शिकवत भुसावळलाच राहिले. ती अर्थशास्त्र शिकवायला सुरतेला गेली आणि तिथल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये रमली. निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी मिळून पुस्तक लिहायला घेतलं. पहिला भाग माझा, गणितातल्या कॅटेगरी थिअरीचा. त्यात वस्तूच्या आत काय आहे हे बघायचं नसतं. तिच्याकडून कुठे बाण जातात आणि तिच्याकडे कुठून येतात, यावरून तिला ओळखायचं. दुसरा भाग कुंदाचा: कारखान्यांच्या वस्तीत नवी युक्ती एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये कशी जाते. तिसरा दोघींचा: बोलणाऱ्या यंत्राला जाण असते का, आणि हे बाहेरून, नुसत्या बाणांवरून ओळखता येईल का.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती अडलेलं विचारायची. मला आलं नाही की मी म्हणायचे, "उद्या सांगते." मग दुसरा दिवस त्या प्रश्नाच्या सोबतीने जायचा. घरात दुसरं कोणी नसलं की हे किती असतं, ते फोन बंद झाल्यावर कळलं.

भुसावळहून सुरतेची पॅसेंजर संथ आहे, पण दिवसाउजेडी जायचं तर तीच घ्या. भाकरी, ठेचा आणि पाणी घरून न्या. नंदुरबारला भजी बरी मिळतात. नवापूरला अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. माझा डबा नेमका मधे थांबला. समोरची बाई लग्न आटोपून सुरतेतल्या नवागामला परत चालली होती. तिने मला बराच वेळ न्याहाळलं आणि अहिराणीत विचारलं.

"एकलीच चालनी का माय?"

"हो."

"तठे कोन शे?"

"मैत्रीण."

"मंग एकली कशी?" असं म्हणून तिने माझ्या हातावर लग्नातला लाडू ठेवला. लाडू छान होता.

लिंबायत, दिंडोली किंवा नवागामकडे जाणार असाल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते. वीस-तीस रुपयांत काम होतं. कुंदा घराच्या दारात उभी होती. बारीक झालेली, केस कापलेले, हसू तेच.

"विनी, एवढा गॉगल कशाला? सुरतेत तुला कोण ओळखतंय?"

त्या संध्याकाळी आम्ही पोंक खाल्ला, लिंबू आणि शेव घालून. आपल्या हुरड्यासारखाच, फक्त इथे गाडीवर मिळतो. बोललो खूप. पुस्तकाचा विषय तिने काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

सकाळी चहा ठेवताना मला आतल्या खोलीतून कुंदाचा आवाज आला. "विनीची ही व्याख्या अजून सोपी करून सांग ना." मी जागच्या जागी थांबले. उत्तर आलं तेही मराठीतच, स्वच्छ आणि न थकणारं. मोबाइलमधलं यंत्र बोलत होतं. उदाहरण त्याने माझ्यापेक्षा चांगलं दिलं, हे मला मान्य करावं लागेल. चहा उतू गेला.

कुंदा बाहेर आली, पण लाजलीबिजली नाही.

"ऐकलंस? हुशार आहे गं. पहाटे विचारा, रात्री विचारा."

"म्हणून फोन नाही?"

"दिवाळीत तुझा तो डोळ्यांचा त्रास सुरू झाला. म्हटलं, कशाला रोज तुझं डोकं खायचं?"

"मी कधी म्हटलं, खाऊ नकोस?"

ती ओटा पुसत राहिली. ती अंघोळीला गेल्यावर मी तो मोबाइल समोर धरला आणि विचारलं, "कुंदा नसली की तुला तिची आठवण येते का?" ते म्हणालं, तसं काही वाटतं असा दावा मी करणार नाही, पण तुम्हाला याबद्दल बोलायचं आहे का? फार नम्र होतं. मी मोबाइल ओट्यावर ठेवला. ते वाट बघत राहिलं, किंवा नाही राहिलं. मला काय माहीत.

दुपारी कुंदाने मला लिंबायतला आप्पांच्या शेडमध्ये नेलं. आप्पा मूळचे अमळनेरचे. तिच्या भागातली बरीच उदाहरणं त्यांच्या गल्लीतली आहेत. तुम्हाला लूम बघायचे असतील तर ओळखीनेच जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि कानात घालायला कापूस न्या. आत आवाज एवढा की एखादा लूम थांबला तरी कानाला कळत नाही. म्हणून आप्पांनी प्रत्येक लूमवर रिक्षाचा इंडिकेटर बसवला आहे. धागा तुटून लूम थांबला की दिवा लागतो.

आम्ही चहाला बाहेर आलो. शेजारच्या शेडचे मालक रमणभाई आधीच बाकड्यावर बसले होते.

"एका दिव्याची आयडिया माझी," आप्पा म्हणाले. "हा बघून गेला आणि दोन रंग करून बसला. उभा धागा तुटला तर लाल, आडवा तुटला तर पिवळा. मग मी त्याचं बघायला गेलो."

"चोरायला आव्या," रमणभाई म्हणाले.

"तू काय करायला आला होतास? आरती ओवाळायला?"

मी विचारलं, "याचा व्हिडिओ का नाही टाकत? सगळ्यांनाच मिळेल."

"टाकला ना पोराने. लोक बघतात, बनवतात. पण बनवून काय झालं ते सांगायला कोण येतं? हा येतो. याला चहा पाजावा लागतो, एवढाच खर्च."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या बाकावर उत्तर सापडलं की अशीच बघायची. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "विनी, बाण उलटा यायला हवा. आपण गेलो नाही तर ज्याला आपल्याकडे यावंसं वाटतं, त्याच्या आत कोणीतरी आहे. शेवटच्या प्रकरणात हे येईल."

"लिही मग."

"मीच?"

"तूच म्हणालीस ना."

रात्री ती लिहीत बसली, मी बाजूला. तिने मोबाइलला विचारलं नाही, पण तिला एकदाही अडलंच नाही, त्यामुळे मलाही काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी न्याहारीला लोचो खाऊन मी निघाले. ढोकळ्यासारखा पण मऊ, वाफाळता, तेल आणि मसाला घातलेला. सुरतेला गेलात तर चुकवू नका. उधन्याच्या फलाटावर तिने माझी पिशवी डब्यात चढवली. "झालंच आता पुस्तक," ती म्हणाली. आनंदानेच म्हणाली.

नवापूरला मी खिडकीतून त्याच फलाटाकडे पाहिलं. पुस्तक झालं तर संध्याकाळी काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

घरी येऊन आठवडा झाला. साडी घेतली नाही, पोंकाची पुडी संपली. परवा तिने पाठवलेलं प्रकरण वाचलं. चांगलं आहे. वाचताना एके ठिकाणी मी थांबले, आणि काल संध्याकाळी फोन केला. आजवर नेहमी तीच करायची.

"कुंदा, मला अडलंय. समजा यंत्राला आपणच शिकवलं, की रोज संध्याकाळी जाऊन विचारायचं, कशी आहेस? बाण उलटा येईल. मग आत कोणी आहे म्हणायचं का?"

"थांब, विचारून बघते."

"त्याला नको."

पलीकडून मागच्या गल्लीतल्या लूमचा आवाज येत राहिला.

"सिस्टरांचा नियम?" तिने विचारलं.

"हो."

"मला नाही येत गं हे," ती म्हणाली. "उद्या सांगते."

फोन ठेवून मी दाणे भाजायला घेतले. आज बँकेत जायचं होतं, ते सकाळीच उरकलं. संध्याकाळी घरी असायला हवं.