शेवटची वायर

वाळूजमधल्या आमच्या छोट्या कारखान्याचे कॉम्प्युटर एक दुरुस्तीवाला पोरगा बघायचा. आला की चहाची बशी आधी मागून घ्यायचा, स्क्रू ठेवायला. चहा मग कपातूनच फुंकत प्यायचा. मशीन अडलं की म्हणायचा, "थांब रं बाबा, मी हाय ना."

नव्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती. त्यानं एकावर पांढरी पट्टी चिकटवून ‘आत’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘बाहेर’. आत आमचे सहा कॉम्प्युटर, बाहेर इंटरनेट. आतलं सगळं तपासल्याशिवाय बाहेरची वायर लावायची नाही, हा त्याचा नेम.

पुण्याहून नव्या कामाचं ड्रॉइंग मेलवर यायचं होतं. शेठ डोक्यावर उभे. ती शेवटची वायर त्याच्या हातात असताना त्यांनी विचारलं, "शिकलास कुठं?"

त्यानं विद्यापीठाचं पूर्ण नाव सांगितलं. शेठ हसले, नामांतराआधीचं जुनं नाव घेऊन म्हणाले, "तेच ना?"

या नव्या नावापायी आमच्या भागात घरं जळाली होती. त्यानं वायर खाली ठेवली.

"पूर्ण नाव घ्या, शेठ. मग लावतो."

"अरे, ड्रॉइंग यायचंय!"

"येईल की. नाव काय लई अवघड नाय."

मला राहवेना. पूर्ण नाव मीच घेतलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही नका, साहेब. त्यांना येतंय."

शेठ पूर्ण नाव तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"ऐकू नाय आलं," तो म्हणाला, आणि बशीतला एक स्क्रू उचलून निवांत पुसायला लागला.