न खाल्लेली गोळी

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंचं काम बघत होते आणि सासूबाई मुरगूडला किराणा दुकान चालवत होत्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. लघवीला जळजळ सुरू झाली की अव्वा डॉक्टरांची गोळी दोन दिवस घ्यायच्या. जळजळ थांबली की गोळीही बंद.

"अव्वा, पाच दिवसांच्या आहेत, पाचही दिवस घ्या," मी सांगून थकले.

"दुखत न्हाय तर कशाला खाऊ? पोट काय कचराकुंडी हाय?"

लॅबमध्ये परकी माणसंसुद्धा माझं मुकाट ऐकायची. घरात मात्र मी हात टेकले होते.

चौथ्या खेपेला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना कोल्हापूरला आणलं. नमुना मीच लॅबला नेला. जंतू पसरलेल्या थाळीत औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जिच्याभोवती मोकळं वर्तुळ उमटतं, ते औषध लागू पडतं. अव्वांच्या गोळीच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. तिच्याच जातीच्या आणखी दोन गोळ्यांचीही तीच गत.

घरी सांगितलं तर अव्वा म्हणाल्या, "त्या दोन म्या जल्मात बघितल्या न्हाईत. मग जंतूला कशा वळखीच्या झाल्या?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून जास्तच राग आला. "तिन्ही एकाच घराण्यातल्या. एक जंतूला जिथं धरते, तिथंच बाकीच्या धरतात. त्यानं ती जागाच बदलली. तुमच्या अर्धवट गोळ्यांनी शिकवलं त्याला."

"मग औषधच न्हाय म्हण की."

होतं. एका जुन्या इंजेक्शनचं वर्तुळ तर पहिल्या खेपेला मी तपासलेल्या त्यांच्या नमुन्यापेक्षा मोठं आलं होतं. खरं वाटेना म्हणून मी पुन्हा थाळी लावली, पुन्हा तेच. एका औषधाला सरावताना जंतू कधीकधी दुसऱ्यापुढं उघडा पडतो, हे वाचलं होतं. सासूच्या लघवीत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलं. "एवढ्याशा फरकावरून काही ठरवू नका," ते म्हणाले. "पण लागू पडतंय ना? मग सात दिवस देऊ."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि अव्वांनी पिशवी भरली. "दुकान बंद हाय. जाते मी."

"आज गेलात तर परत तुमचा नमुना मी हातात घेणार नाही," मी ओरडलेच. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांनी पिशवी खाली ठेवली. पुढचे चार दिवस नर्स आली की दंड पुढं करायच्या. मी आले की भिंतीकडं तोंड फिरवायच्या.

नंतरचा नमुना स्वच्छ आला. मुरगूडला परतल्यावर त्या गिऱ्हाइकांना सांगत सुटल्या, "ताप तिसऱ्याच दिवशी गेलता. सुनेनं उगं आठवडाभर डांबून ठेवलं."

नवरा हे सांगताना हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.