चिनू घरी, तरी चिनूच चावला

दोस्तहो, आज गलत काम केलं. स्वतःच्याच मनगटाला कचकन चावलो आणि लहान पोरं सांभाळतात त्या झूलाघरातल्या मॅडमला दाखवलं, "तुमच्याकडच्या पोरानं चावलं."

मॅडम मोबाइलातून मान वर न काढता बोलल्या, "तुमचा चिनूच असणार. उद्यापासून आणू नका त्याला."

चिनू माझा दीड वर्षाचा भाचा; कोणाला चावलं की मॅडम न बघता त्याचंच नाव घेतात, म्हणून हे करून बघितलं. तो तापानं घरी पडलाय, मी फक्त त्याची बाटली घ्यायला गेलतो. त्याला काढलं तर ताईची नोकरी सुटते.

"मॅडम, चिनू आज आलाच नाही."

"मग दुसरा कोणी असेल."

एवढे मोठे दात दीड वर्षाच्या पोराचे? बोलता येत नाही ते पोरगं चावणारच, पण जवळ बसून बघायचं कोणी, मोबाइलनं?

ताईलाही तेच सांगितलं, आता चिनू नसतानाही तिथं पोरं चावतात याचा पुरावा म्हणून उद्या ती मला तिथं नेणार आहे. दात माझेच आहेत हे कोणाला बोलू नका, पाया पडतो.