पहिलीच्या वर्गातला कप

“कप कुठाय? मावशी, मी तुम्हाला विचारतेय! भिंतीवर नुसता खिळा उरलाय!” मोठ्या बाईंचा आवाज खारी गावातल्या त्या शाळेतून निघून थेट खाडीपलीकडे वसईला पोचला असेल. मावशी, म्हणजे वर्ग झाडणाऱ्या, पोरांना शू-शीला नेणाऱ्या कंत्राटी बाई, मान खाली घालून उभ्या. शेजारी मी, प्रयोगशाळेचा माणूस, तीन महिन्यांपूर्वी टांगलेला कप परत न्यायला आलेला.

कप म्हणजे काय, तर झाकणाची प्लास्टिकची डबी, आत फिल्मचा तुकडा. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू आपसूक इमारतीत झिरपतो. डबी तीन महिने टांगली की फिल्मवर त्याच्या खुणा उमटतात. बास. डबी स्वतः कोणाचं काही बिघडवत नाही.

पण एवढं साधं सांगितलं तर मी कसला! टांगायला आलो त्या दिवशी पोरं भोवती जमली. हात लावू नयेत म्हणून दिलं ठोकून, “याच्यात अणुबॉम्बचा चुलतभाऊ कोंडलाय! तारोडीचे एक मास्तर शिवले याला, अजून ट्यूबलाइटसारखे चमकतायत. बायको त्यांच्या उजेडात तांदूळ निवडते!” पोरं किंचाळली, मी खूश. दारात मावशी झाडू धरून ऐकत होत्या, तिकडे कोण बघतंय?

“बोला ना! टाकलात कचऱ्यात?” बाई कडाडल्या. “उद्यापासून दुसरी बाई पाठवायला सांगते कंत्राटदाराला!”

मावशी जिन्याखाली गेल्या. तिथे त्यांचं स्टूल. दिवसभर तिथेच बसायचं, तिथेच डबा खायचा. स्टुलामागून त्यांनी दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेली डबी काढली.

“हे सर टांगून गेले तेव्हाच काढली, बाई. पोरं लहान हायत. म्हणून माझ्यापाशी ठेवली.”

माझे कान असे तापले, की वर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती. “बाई, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मी थापा मारल्या होत्या. त्यांना काही बोलू नका.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मावशी, जा, घंटा द्या,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मावशींच्या मागे गेलो. “मावशी, एवढं जहर आहे असं वाटत होतं, तर स्वतःजवळ कशाला ठेवलंत? भीती नाही वाटली?”

“वाटायची,” घंटेचा हातोडा उचलत त्या म्हणाल्या. “पण कुठंतरी ठेवायलाच पायजे होती ना.”