जाफर मुलाणी आणि उताराचे चाक

दि. १२ एप्रिल १९७६ रोजी सोमवार होता. जुन्या पंचांगात हे पडताळता येते. त्यापुढचा वृत्तांत तासगावचे ट्रॅक्टर-मिस्त्री जाफर मुलाणी आणि विजयमाला जगदाळे यांनी तीन वर्षांनंतर वेगवेगळा सांगितला. जिथे दोघांचे जुळत नाही, तिथे तशी नोंद केली आहे.

जाफर एसटीच्या कार्यशाळेत काम शिकले, असे सर्वजण सांगतात. नेमणुकीचा कागद मात्र मिळाला नाही. द्राक्षबागायतदार त्यांच्याकडून ट्रॅक्टरची मागची चाके आत बसवून घेत, कारण रुंद ट्रॅक्टर वेलींच्या ओळींतून जात नसे. बागेचे काम सरले की तोच अरुंद ट्रॅक्टर माळावरच्या उतारावर नांगरटीला जाई. तिथे तो उलटण्याचे भय असे.

विजयमालांचे पती लालासाहेब हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्या दिवशी ते ट्रॅक्टर आणि एक लोखंडी कडे घेऊन जाफरकडे आले.

"खालच्या अंगाचं चाक तेवढं भाईर काढ. ह्ये कडं चाकामागं घाल. दुसरं ऱ्हाऊ दे, परत बागंत जायचं हाय."

जाफरनी कडे घालून नट फिरवला. "आवं हवालदार, नट तीन आट्यांवर बसतोय. धक्क्याला निघंल."

"लांब बोल्ट घाल की रं!"

"घालतो. पर बांधावरनं वळून माघारी आलासा की खालच्या अंगाला कंचं चाक येणार?"

लालासाहेब म्हणाले, "माघारी रिकामाच आणीन. नांगर उचलून."

"उतार काय नांगर बघून पाडतोय व्हय?"

जेवण घेऊन आलेल्या विजयमाला म्हणाल्या, "फौजंत डोंगर चढताना एकाच पायात बूट घालत हुतासा का?"

जाफर हसले. लालासाहेब हसले नाहीत. "दोनी भाईर काढ," एवढेच ते म्हणाले.

कडे बाजूला पडले. जाफरनी डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवले. त्यामुळे मधल्या तबकडीची खोलगट बाजू पालटून चाके बाहेर आली आणि टायरच्या नक्षीची दिशाही बिघडली नाही. दोन्ही बाजूंचे अंतर त्यांनी दोरीने मोजले आणि तासभर चालवून बोल्ट पुन्हा आवळायला बजावले. या कामाला अर्धा दिवस गेला. बागेसाठी उलटे करायला तेवढाच वेळ पुन्हा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी माळावर नांगरटीच्या तिसऱ्या फेरीत, वळून माघारी येताना, खालचे चाक उंदरांनी पोखरलेल्या जागी खचले. वरचे चाक जमिनीवरून उचलले गेले, क्षणभर तसेच राहिले आणि परत टेकले. लालासाहेबांनी इंजिन बंद केले, उतरून सगळे बोल्ट तपासले आणि मग बांधावर बसले. विजयमाला तेव्हा बांधावरच होत्या. त्यांच्या मते चाक वीतभर उचलले होते. जाफर यांना लालासाहेबांनी फक्त "चाक हललं" एवढेच सांगितले. लालासाहेब १९७८ मध्ये वारले. त्यांचे स्वतःचे निवेदन उपलब्ध नाही.

चाक नेमके किती उचलले, हे ठरवता येत नाही. माळाचा उतार कुणी मोजला नव्हता आणि आता ते शेत सपाट केले आहे. जुन्या रुंदीवर ट्रॅक्टर उलटला असता काय, हे अज्ञात आहे.