अप्पाकाकांचा निळा दगड

अप्पाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रीगंजच्या बाजारात त्यांचीच औषधं घेत उभी होते. दुकानदार विचारत होता, "मॅडम, बिल बना दूँ?" आणि मी औषधं परत त्याच्याकडे सरकवली.

काका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, पण जीव सगळा एका दगडात. पुण्याकडच्या खाणीतून आणलेला. पांढऱ्या खड्यांवर निळेभोर, इवलाले झुबके. नाव कॅव्हनसाइट. "अगं, लाव्हा निवला, आत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि हे जमलं," असं दर खेपेला नव्यानं सांगायचे. निळाई व्हॅनेडियमची, सोबत कॅल्शियम, सिलिका आणि पाणी. सिलिकाची चार दुव्यांची आणि आठ दुव्यांची कडी ते बशीत शेवेचे तुकडे मांडून दाखवत. हीच द्रव्यं सहाच्या कड्यांत बसली की खनिजच दुसरं! "माणसं तीच गं, पंगत वेगळी." तोवर माझे पोहे गार. काकू वैतागायची, "अहो, खाऊ द्या ना तिला, काय मुसीबत आहे!"

त्या दगडाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. धूळसुद्धा ते रबरी फुगा दाबून, नुसत्या वाऱ्यानं उडवत. एकदा काकूनं ओलं फडकं आणलं, तर घर डोक्यावर घेतलं. "पाणी आहे त्याच्या आत, बाहेरून घालू नकोस! झडेल तो!" काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

महिना उलटल्यावर, परवा, काकांच्या नानाखेड्याच्या घरी गेले. दगडाची काचेची डबी रिकामी. "काकू, दगड कुठाय?"

"देवघरात. आता तो दगड म्हणजे तेच ना."

आत जाऊन पाहिलं, तर ताम्हनात दगड ठेवून ती पळीपळीनं पाणी घालत होती, बोटानं हळूच चोळत होती आणि पुटपुटत होती, "आता ओरडा की. ओरडा ना..."

ताम्हनाच्या तळाशी निळे कण साचले होते. सांगावं, तर तिच्या हातातलं एवढंही काढून घ्यायचं. न सांगावं, तर काकांचा दगड रोज थोडा थोडा जाणार. त्यांच्या वतीनं मीच ओरडायला हवं होतं. तोंडातून "काकू..." एवढंच निघालं.

तिनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवांत होता.

"हात पुढे कर," म्हणाली, "तीर्थ घे."

तळहातावर पाणी, पाण्यात एक निळा कण. मी डोळे मिटले आणि पिऊन टाकलं.