म्हैस, धबधबा आणि मी

आमच्या गोठ्यात गाई बऱ्याच आहेत, म्हैस एकच. गाईंची धार मशीनवर निघते. ते काम मालक करतात, नाहीतर माझी धाकटी जाऊ. म्हैस मात्र मशीन जवळ येऊ देत नाही आणि माझ्याशिवाय कुणाच्या हाताला पानवत नाही. दुसरं कुणी बसलं की दूध चोरून ढिम्म उभी राहते. लोकांना याचं भारी कौतुक. काय जीव आहे हो तिचा तुमच्यावर, असं आमच्या पणदरे गावातल्या निम्म्या बायका मला म्हणून गेल्यात. या जिवापायी मी कधी माहेरी मुक्कामाला राहिले नाही, सख्ख्या भाचीच्या हळदीला मला जाता आलं नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

धबधबा बघायचा, एवढी एकच माझी हौस. आमच्याकडं पाणी असतं ते कालव्यात नाहीतर ठिबकच्या नळीत. वरून कोसळणारं पाणी मी फोनवरच पाहिलेलं. साताऱ्याच्या पलीकडं डोंगरात एक अभयारण्य आहे. दरीत तळी आणि आत मोठा धबधबा. दर पावसाळ्यात जायचं ठरायचं आणि दर पावसाळ्यात म्हैस आडवी यायची. यंदा मी सरळ सांगितलं, मी जाणार, मग म्हशीनं काय करायचं ते करू दे. जाऊ म्हणाली, एका वेळचं मी बघते. सासूबाई ऐकून आत निघून गेल्या.

मी, मालक आणि मुलगी असे निघालो, तेही उशिरा, कारण मालकांना निघता निघता पाण्याची मोटार बंद करायची आठवली. पोचल्यावर तळ्याकाठी ते एका अनोळखी माणसाशी वाद घालत बसले, विषय काय, तर हे पाणी खाली कुठल्या धरणाला जातं. पाण्यावर धुकं उतरलं होतं, पलीकडचा डोंगर मधूनच दिसत होता. छान होतं सगळं, नाही कशाला म्हणू. पण मला तळ्यात रस नव्हता. मी दोनदा गाडीत जाऊन बसले, तेव्हा कुठं मालक उठले.

धबधब्याची पायवाट एका फाटकापासून सुरू होते. पाचनंतर आत सोडत नाहीत आणि फाटकाच्या आत फोनला रेंज नाही. आम्ही तिथं पोचलो आणि माझा फोन वाजला. जाऊच होती.

"अक्का, म्हस पानवंना. पेंड ठिवली, कास धुतली, रेडकू सोडलं, तरी न्हाय."

मालक म्हणाले, तू बोलून घे, आम्ही हळूहळू पुढं होतो. आणि खरंच गेले. बायकोच्या हौसेसाठी काढलेली सहल, आणि बायकोला फाटकाशी सोडून माणूस पुढं जातो, याला काय म्हणायचं?

जावेनं फोन स्पीकरवर टाकून म्हशीच्या कानाशी धरला. रेनकोट घातलेली शहरातली माणसं शेजारून जात होती आणि मी त्यांच्यासमोर, "उभी राहा बाय, सोड बाय, सोड," असं गोंजारत होते. दोन पोरी हसल्या. पलीकडं म्हशीनं माझा आवाज ऐकला आणि मला शोधायला दावं ताणलं, बादली लाथाडली. जाऊ म्हणाली, आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारते आणि परत फोन करते.

मी थांबले. आत गेले असते तर फोन लागला नसता, आणि दूध कासेतच राहिलं तर कास सुजते. फोन आला नाही. मी केले, ते कुणी उचलले नाहीत. पाच वाजले, रखवालदारानं फाटक लावलं. मी विनवणी केली, माझी माणसं आत आहेत म्हटलं. तो म्हणाला, येतील की ती. झाडांपलीकडून पाण्याचा आवाज येत होता. इतका जवळून, की मला रडू आलं.

दोघं चिंब भिजून, खूश होऊन परतले. मुलीनं व्हिडिओ पुढं केला. मी तो न पाहताच गाडीकडं चालू लागले.

सकाळी बघते तर माझी गोठ्यात नेसायची साडी दोरीवर टाकलेली. जावेला विचारलं. तिनं अगदी सरळ सांगितलं, "आत्या म्हनल्या, तिची साडी नेस आन् बस, म्हशीला तिचा वास लागंल. नेसले, तर म्हस लगीच पानवली. तुमी फिरताय, म्हनलं कशाला परत फोन करून तरास द्यायचा."

मी तशीच सासूबाईंकडं गेले. त्या गवारी निवडत होत्या. म्हटलं, आत्या, साडीचं तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?

"व्हय की. मी बाळंतपणाला गेले तवा माझ्या सासूनंबी असंच केलं हुतं."

"मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

त्यांनी मान वर केली नाही. आवाजात रागही नव्हता.

"सांगितलं असतं, तर तू घरात टिकली असतीस व्हय?"

मी साडी दोरीवरून काढली, घडी घातली आणि जावेच्या हातात दिली. म्हटलं, रविवारी परत नेसायची आहे, जवळच ठेव. यावेळी मी मालकांना बरोबर नेणार नाही.